सौद्याची नोंद आणि संगणकाचे घड्याळ

रोजमेळाच्या वहीची जागा आता आपल्या बऱ्याच दुकानांत संगणकाने घेतली आहे. शेअर, चांदी, तांबे यांचे भाव क्षणाक्षणाला बदलतात, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वेळही उमटते. ती वेळ बरोबर आहे का, हे मात्र फारसे कोणी तपासत नाही. आमच्या मते ही बेफिकिरी छोट्या व्यापाऱ्यालाच महाग पडते.

समजा, एका कारागिराने दोन वाजून दहा मिनिटांच्या भावाने चांदी मागितली. सराफ म्हणतो, मागणी आली तेव्हा भाव वाढला होता. कारागिराच्या संगणकाचे घड्याळ चार मिनिटे मागे असेल, तर त्याची नोंद त्याच्याच विरुद्ध जाईल. शेअर बाजारातही सारख्या भावाच्या मागण्यांत आधी आलेलीला आधी सौदा मिळतो. हा क्रम बाजाराच्या घड्याळावर ठरतो. दलालाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर मागणीची व सौद्याची वेळ छापलेली असते. तिच्याशी ताडून पाहायला आपल्याकडे विश्वासाची नोंद नको का?

संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते आणि उष्णतेने त्यात फरक पडतो. दहा लाखांत वीस भागांची चूक धरली, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंद, म्हणजे महिन्याला पाऊण मिनिटाहून जास्त फरक पडतो. आतली छोटी बॅटरी संपली, तर वीज गेल्यावर तारीखसुद्धा चुकते.

यावरचा उपाय फुकट आहे. १९८५ साली अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल तयार केला. संगणक दूरच्या अचूक घड्याळाला वेळ विचारतो आणि निरोप येण्याजाण्यातला विलंब हिशेबात धरून आपली वेळ सुधारतो. भारताची प्रमाण वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने कंपन्यांना या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी आपली यंत्रे जुळवण्याचा आदेश दिला. कंपन्यांना जे सक्तीचे आहे, ते आपण राजीखुशीने का करू नये?

बाजार उघडण्यापूर्वी आपोआप वेळ जुळवण्याची सोय चालू आहे ना, हे पाहावे. वेळेचा पट्टा भारताचाच, म्हणजे साडेपाच तास पुढचा असावा. नाहीतर सव्वानऊचा सौदा पावणेचारचा दिसेल. आणि कामाच्या मध्येच हाताने काटा मागे घेऊ नये. तसे केल्यास विक्री खरेदीच्या आधी झालेली दिसते आणि अख्खी नोंदच संशयास्पद ठरते.

मुदतीची उधारी लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआन शरीफच्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. इफ्तारच्या वेळी आपण मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतो. व्यापारी व कारागीर बंधूंनी तीच दक्षता सौद्याच्या नोंदीतही दाखवावी, म्हणजे तंटा उभा राहिला तरी आपली नोंद आपल्या बाजूने बोलेल.