आकाशचिन्ह : एका विसरलेल्या शब्दामागचा इतिहास

१/
पुणे महानगरपालिकेत ‘परवाना व आकाशचिन्ह विभाग’ या नावाचे एक कार्यालय आहे. नाव प्रथमच ऐकणाऱ्याला तेथे ज्योतिषी बसत असावेत असे वाटेल. प्रत्यक्षात तेथे होर्डिंगांचे परवाने दिले जातात. रस्त्यालगतच्या लोखंडी फलकाचा आणि आकाशाचा संबंध काय? उत्तरासाठी लंडनच्या गल्ल्यांत सहा शतके मागे जावे लागते, आणि तेथून परत येताना वाट घाटकोपरवरून जाते.

२/
मध्ययुगीन लंडनमध्ये मद्यगृहासमोर एक लांब दांडा रस्त्यावर काढलेला असे आणि त्याच्या टोकाला पानांचा झुपका बांधलेला असे. हीच त्या काळची पाटी. धंद्याच्या चढाओढीत दांडे लांबत गेले. घोडेस्वारांना ते आडवे येऊ लागले आणि त्यांच्या वजनाने घरांच्या भिंतीही खचू लागल्या. अखेर १३७५ मध्ये नगरप्रशासनाने मर्यादा घातली : दांडा सात फुटांहून अधिक लांब नसावा.

३/
या नियमाकडे नीट पाहावे. दांड्यावर काय लटकावे, ते सुंदर असावे की नाही, याविषयी त्यात काही नाही. त्याचा रोख लांबी आणि वजन यांवर आहे. रस्ता सर्वांचा, भिंत एकाची आणि दांडा दोघांवरही भार टाकणारा, एवढे चौदाव्या शतकातील कारभाऱ्यांना स्वच्छ दिसत होते.

४/
पुढील तीन शतकांत दांड्याची जागा चित्रमय पाट्यांनी घेतली. घरांना क्रमांक नव्हते आणि बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे सिंह, मुकुट, घंटा हीच दुकानांची ओळख. १६६६ च्या भीषण आगीनंतर शहर नव्याने बांधताना पाट्या रस्त्यावर आडव्या न टांगता सज्जाला लावाव्यात अशी तरतूद झाली. काही काळाने लोक ती विसरले. पाट्या पुन्हा मोठ्या झाल्या, त्यांची लोखंडी कोंदणे जड झाली आणि वाऱ्यात त्या कुरकुरत झुलू लागल्या.

५/
१७१८ मध्ये फ्लीट स्ट्रीटजवळच्या ब्राइड लेन या गल्लीत अशीच एक अवजड पाटी कोसळली. भिंतीचा दर्शनी भागही तिने आपल्यासोबत खाली ओढला. चार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांचा त्या दुकानाशी काहीही संबंध नव्हता. ती केवळ रस्त्याने जात होती.

६/
तरीही कायदा यायला आणखी चार दशके लागली. पॅरिसमध्ये १७६१ साली पोलीसप्रमुख सार्तीन यांनी पाट्या भिंतीला सपाट लावण्याचा आदेश काढला. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या फरसबंदीविषयीच्या १७६२ च्या कायद्यापासून लोंबत्या पाट्या उतरू लागल्या. पाटीवाचून घर ओळखायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याच दशकात घरांना क्रमांक देण्याची पद्धत रुजली. आज पत्त्यात आपण जो घरक्रमांक लिहितो, त्याचे लंडनमधील मूळ असे पाट्यांच्या उतरण्याशी जोडलेले आहे.

७/
रस्त्यावरून हटलेली जाहिरात गप्प बसली नाही. ती छपरावर चढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या इमारतींवर उंच लोखंडी चौकटी उभ्या राहिल्या आणि त्यांत प्रचंड अक्षरे बसवली गेली. मागे भिंत नाही, केवळ आकाश. म्हणून नाव पडले ‘स्काय साइन’. १८९१ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. नव्या चौकटींना मनाई आणि जुन्यांना मुदतीचे परवाने, असे त्याचे स्वरूप होते.

८/
आता मुंबईकडे वळू. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ३२८ आज ज्या रूपात वाचावयास मिळते, त्यात हाच ‘स्काय साइन’ बसलेला आहे. त्याची शब्दयोजना लंडनच्या कायद्याशी इतकी जुळते की नाते लपत नाही. खांब वा चौकटीच्या आधाराने इमारतीवर उभारलेली आणि रस्त्यावरून पाहता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात, अशी त्याची व्याख्या आहे. जाहिरातीसाठी सोडलेला फुगाही तीत येतो. उर्वरित महानगरपालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमात हीच कल्पना कलम २४४ मध्ये आली. ‘आकाशचिन्ह’ हे तिचेच शब्दशः मराठी रूप.

९/
कलम ३२८ वरवर रुक्ष वाटते. पण त्याच्या प्रत्येक अटीमागे कोठेतरी कोसळलेली एखादी चौकट उभी आहे. परवानगी लेखी हवी. ती एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी नाही. चिन्हात बदल केला, परवानगी रद्द. ज्या इमारतीवर ते उभे आहे तिच्यात फेरफार केला, परवानगी रद्द. चिन्हाचा कोणताही भाग अपघाताने किंवा जीर्ण होऊन पडला, परवानगी रद्द. लोखंड गंजते आणि वारा दरवर्षी येतो, हे गृहीत धरून हा मसुदा बेतलेला आहे.

१०/
याच कलमात एक सवलत आहे आणि या साऱ्या इतिहासाचे मर्म तीत साठलेले आहे. रेल्वेच्या स्वतःच्या कामकाजाविषयीचे, रेल्वेच्याच हद्दीत असलेले फलक ‘आकाशचिन्हा’च्या व्याख्येतून वगळले आहेत. परंतु त्याला एक अट जोडलेली आहे : ते फलक रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडू शकणार नाहीत अशा रीतीने उभारलेले असावेत.

११/
म्हणजे जागा कोणाची, एवढ्यावर कायदा थांबला नाही. फलक पडला तर कोठे पडेल, हे त्याने विचारले. मालकीची रेषा कागदावर असते. पडणाऱ्या लोखंडाला ती दिसत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या मसुदाकारांचे हे शहाणपण आजच्या कारभारात हरवले आहे, हे या थ्रेडचे मुख्य प्रतिपादन.

१२/
५ ऑक्टोबर २०१८. पुण्याच्या जुन्या बाजाराजवळील चौकात, रेल्वेच्या हद्दीतील होर्डिंगचा सांगाडा काढण्याचे काम सुरू असताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला. सांगाडा रेल्वेच्या हद्दीत उभा होता आणि पडला तो मात्र शहराच्या रस्त्यावर. कलम ३२८ मधील ‘पडू शकणार नाहीत’ हे शब्द ज्या प्रसंगासाठी लिहिले गेले होते, नेमका तोच हा प्रसंग.

१३/
१७ एप्रिल २०२३. पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे वादळी पावसात होर्डिंग कोसळले. पाच जणांचा मृत्यू झाला.

१३ मे २०२४. घाटकोपरच्या छेडानगर येथे वादळात एक महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले. सतरा जणांचा मृत्यू झाला आणि सत्तरहून अधिक जखमी झाले. मुंबई महानगरपालिका ४० बाय ४० फुटांपेक्षा मोठ्या फलकास परवानगी देत नाही. हा फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट.

१४/
त्यानंतर जे घडले ते सर्वांनी पाहिले. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील, परवानगी त्यांची, महानगरपालिकेची परवानगी घेतलेलीच नाही, अशी बोटे एकमेकांकडे दाखवली गेली. जुन्या कलमाची अक्षरे या फलकास कितपत लागू होतात, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. मात्र तत्त्वाचा प्रश्न सरळ आहे. पेट्रोल पंपावर पावसात आडोशाला थांबलेल्या माणसाने डोक्यावरच्या सांगाड्याची जबाबदारी कोणाची, हे जमिनीचा सातबारा पाहून ठरवावे काय?

१५/
येथे एक प्रतिवाद संभवतो आणि तो गंभीर आहे. नियम अधिक कडक केले तर त्यांची झळ होर्डिंगवाल्यांना न बसता कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराला बसेल, त्याच्या दोन हाती पाटीवर दंड होईल, अशी भीती व्यक्त होते. शिवाय पाट्या हा शहराच्या आठवणींचा ठेवा आहे. हाताने रंगवलेली जुनी दुकाने आणि इराणी हॉटेलांचे दर्शनी फलक पुसले गेले, तर इतिहासाच्या अभ्यासकाचेच नुकसान आहे.

१६/
हा आक्षेप मान्य करूनही उत्तर देता येते. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००७ च्या प्रारंभापासून रस्त्यावरील जाहिरातींवर सरसकट बंदी घातली. पण तो प्रश्न प्रामुख्याने शहराच्या दृश्यरूपाचा होता. महाराष्ट्रात तातडीचा प्रश्न वजनाचा आहे. भिंतीला सपाट लावलेली पाटी आणि वाऱ्याला छाती देऊन उभी असलेली लोखंडी भिंत यांना एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही. १७६१ च्या पॅरिसने हा भेद केला होता : पाटी ठेवा, मात्र ती भिंतीला लावा.

१७/
आपल्याकडे पाट्यांविषयी चर्चा होते ती मुख्यतः अक्षरांची. दुकानांच्या मराठी पाट्यांसंबंधी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ती चर्चा रास्तच होती; राजभाषेचा मान पाटीवर दिसलाच पाहिजे. परंतु पाटीला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूला ती काय सांगते ते असते आणि मागच्या बाजूला ती कशावर उभी आहे ते. पुढच्या बाजूसाठी आंदोलने झाली. मागच्या बाजूची आठवण केवळ अपघातानंतर होते. वरातीमागून घोडे, दुसरे काय.

१८/
आणखी एक अडचण रचनेतच आहे. वस्तू व सेवा कर लागू करताना १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५५ वी नोंद वगळली आणि तिच्यासोबत जाहिरात कराचा आधार गेला. उरले ते परवाना शुल्क. परिणामी जो विभाग फलकाकडून उत्पन्न मिळवतो, तोच त्या फलकाच्या सुरक्षिततेचा पहारेकरी ठरतो. मोठ्या फलकाचे शुल्क मोठे आणि त्याचा धोकाही मोठा. ही दोन कामे एकाच टेबलावर असू नयेत, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

१९/
मग करावे काय? तीन गोष्टी पुरेशा आहेत.
एक : रस्त्यावर पडू शकणारा प्रत्येक फलक, जमीन रेल्वेची असो, पोलिसांची असो वा खाजगी, महानगरपालिकेच्या एकाच परवान्याखाली यावा.
दोन : स्थैर्याची तपासणी शुल्कवसुलीपासून वेगळ्या यंत्रणेकडे असावी आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी व्हावी.
तीन : परवाना क्रमांक, मंजूर आकार आणि मुदतीची तारीख प्रत्येक खांबावर माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर लिहिलेली असावी, म्हणजे वाटसरूलाही खरेखोटे पडताळता येईल.

२०/
यांतील एकही मागणी नवी नाही. आकाराची मर्यादा १३७५ ची आहे. मुदतीचा परवाना आणि ‘पडल्यास कोठे पडेल’ हा निकष शतकभर जुन्या कलमात छापलेला आहे. इतिहास स्वतःची पुनरावृत्ती करतो असे म्हणतात. येथे पुनरावृत्ती केवळ विस्मरणाची झाली आहे.

२१/
ब्राइड लेनमधील चार माणसे आणि छेडानगरमधील सतरा माणसे यांच्यामध्ये ३०६ वर्षांचे अंतर आहे. या काळात पाटी लाकडाची लोखंडी झाली, गल्लीतून महामार्गावर आली, चित्रातून छायाचित्रात गेली. खाली उभे राहणारा माणूस मात्र तोच राहिला : आपल्या कामाला निघालेला, वर न पाहणारा. आकाशचिन्हांचा कायदा मुळात त्याच्यासाठी लिहिला गेला. ज्या विभागाच्या दारावर तो शब्द अजून कोरलेला आहे, त्याने तो एकदा सावकाश वाचावा.