कोड उडवणाऱ्यांनो, आधी थर्मोस्टॅट बघा

कासारवाडी-फुगेवाडीपासून भोसरी-मोशीपर्यंत जुन्या पिकअपच्या मालकाला कापायची एक ठरलेली रीत आहे. अ‍ॅव्हरेज पडलं, चेक लाइट लागला म्हणून गाडी गॅरेजात आली की डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावायचा. पडद्यावरचा कोड मोठ्यानं वाचायचा. त्यात ज्या पार्टचं नाव दिसेल तो पार्ट बदलायचा, कोड उडवायचा आणि बिल फाडायचं. लाइट पुन्हा लागला की पुढचा पार्ट. याला इथे निदान म्हणतात. मी याला लूट म्हणतो. करणारा अडाणी असला तरी मालकाच्या खिशाला पडणारं भोक तेवढंच असतं.

मी पिंपळे सौदागरला राहतो. माल पोचवायचा धंदा आहे, गाडी बीएस-४ काळातली पिकअप, आणि रोजचा रस्ता नाशिक फाटा, भोसरी, मोशी, कुरुळी, चाकणचा तळेगाव चौक. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना उन्हाळ्यातल्या दुपारी मालानं भरलेल्या गाडीचा काटा कसा वर चढतो हेही माहीत असेल. आमचाही चढला. ड्रायव्हरनं जवळच्या मिस्त्रीला गाडी दाखवली. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. ‘आपल्याकडं गरमी असते, याची गरज नाय.’ हे वाक्य या पट्ट्यातल्या निम्म्या गॅरेजांत वेद मानलं जातं.

थर्मोस्टॅट म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घ्या. एक छोटी झडप असते, आत मेण भरलेलं. पाणी ८० ते ८५ अंशांच्या आसपास तापलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर ती बंद राहते, कारण इंजिनला लवकर गरम व्हायचं असतं. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन थंडच राहतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तापमानाचा सेन्सर सांगतो की इंजिन अजून गार आहे, म्हणून तो थंड इंजिनाच्या हिशेबानं डिझेल सोडत राहतो. तेल घट्ट राहतं, जळण अर्धवट होतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे डिझेलही जास्त आणि इंजिनची झीजही जास्त. गाडी तापण्याचं मूळ कारण, म्हणजे आतून चोंदलेलं रेडिएटर आणि सैल पडलेला फॅन क्लच, तसंच राहिलं ते वेगळंच.

अ‍ॅव्हरेज १३ वरून १० वर आलं. चेक लाइट लागला. दुसऱ्या गॅरेजनं स्कॅनर लावला. कोड कूलंटच्या तापमानाचा निघाला, म्हणून त्यांनी सेन्सर बदलला. लाइट परत लागला तेव्हा चारही इंजेक्टर काढायचं इस्टिमेट हातात ठेवलं. त्याच स्कॅनरवर एक बटण दाबलं असतं तर लाइव्ह डेटा दिसला असता. मी ते दाबायला लावलं. भोसरी ओलांडली तरी पाणी साठीतल्या अंशांवरच रेंगाळत होतं. सेन्सर पहिल्यापासून खरं बोलत होता! शे-पाचशे रुपयांचा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर आतून धुऊन घेतलं, फॅन क्लच बदलला. गाडी तापायची थांबली आणि १३ परत आलं.

रोज १०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला १३ च्या हिशेबानं साधारण ७.७ लिटर लागतात, १० च्या हिशेबानं १० लिटर. लिटरला नव्वदच्या आसपासचा दर धरला तर हा फरक दिवसाला २०० रुपयांवर जातो, २५ दिवसांचे पाच हजारांहून जास्त. एका पिकअपवर घर चालवणाऱ्या माणसाला गाडीचा हप्ता आणि मुलांची फी यांतून हे पाच हजार काढावे लागतात.

कूलंटच्या तापमानाचा पी०१२८ हा कोड एवढंच सांगतो की इंजिन ठरलेल्या वेळेत हवं तेवढं गरम झालं नाही. का, ते तो सांगत नाही. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. आमच्याकडे हा कोड वाचला की टर्बोच बदलतात. आधी इंटरकूलरचे रबरी पाइप हातानं दाबून बघा. फाटलेल्या जागी तेलाचा काळा, ओला डाग असतो. ही चीर गाडी उभी असताना मिटलेली राहते आणि चढावर दाब वाढला की उघडते. मग टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरचा दांडा मोकळा हलतो का, ते बघा. टर्बोची पाळी शेवटची.

पी००८७ म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब कमी. यावर इंजेक्टरचा सेट विकायला सगळे टपलेले असतात. डिझेल फिल्टर कधी बदललाय? त्यात पाणी आहे का? टाकीकडून येणाऱ्या पाइपातून हवा शिरते का? एवढं पाहूनही संशय इंजेक्टरवरच आला तर त्याचीही परीक्षा आहे आणि ती फुकटाइतकी स्वस्त आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि इंजिन आयडलला चालू ठेवा. जी बाटली इतरांपेक्षा भराभर भरते तो इंजेक्टर गळका. एक गळका असताना चार बदलायला लावणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

आणखी एक तपासणी सांगतो, कारण ती आपल्या भागापुरती पक्की आहे. किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा आकडा स्कॅनरवर वाचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून पिंपळे सौदागरात तो ९५ च्या जवळपास दिसायला हवा. बंद गाडीत इथे १०३ किंवा ८५ दिसत असेल तर तो सेन्सर ईसीयूला चुकीची हवा सांगतोय आणि त्याच हिशेबानं डिझेल सोडलं जातंय. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते, पण गॅरेजांत ती करताना मला कुणी दिसत नाही.

आता कोड उडवण्याबद्दल. कोड पडतो त्या क्षणाची नोंद ईसीयू जपून ठेवतो: वेग किती, आरपीएम किती, पाणी किती गरम, लोड किती. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. जुन्या गाडीतला अधूनमधून येणारा बिघाड पकडायला याहून चांगला साक्षीदार नाही. लिहून न घेता कोड उडवणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. पुढचा मिस्त्री मग शून्यातून सुरुवात करतो, आणि त्याचेही पैसे मालकच भरतो.

कोड नसला म्हणजे गाडी निरोगी, हीसुद्धा अंधश्रद्धाच. मागचा ब्रेक धरून राहिला, टायरमध्ये हवा कमी असली, अलाइनमेंट गेलं, क्लच घसरायला लागला, चाकणच्या धुळीनं एअर फिल्टर भरला, तर जुन्या पिकअपचा ईसीयू बहुधा गप्पच बसतो. गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात न्या. एक चाक इतरांपेक्षा चटका देत असेल तर तुमचं डिझेल तिथे जळतंय.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. त्याच्याकडे वायरिंगचा नकाशा नाही, कंपनीचं मॅन्युअल नाही, टॉर्चच्या उजेडात फोनवर सापडेल ते वाचून तो काम करतो. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला १४ वाहन कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवली, हा ठपका होता. त्या १४ मध्ये पिंपरीत कारखाना असलेली टाटा मोटर्स होती, चाकणला कारखाना असलेली महिंद्र होती. दंडाचं पुढे कोर्टकचेऱ्यांत जे व्हायचं ते झालं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं आणि त्यात वाहनं घेतली. पण ज्या गावांच्या जमिनींवर हे कारखाने उभे राहिले, त्याच गावांतल्या गॅरेजवाल्या पोराच्या हातात आज त्याच कंपनीच्या जुन्या गाडीचा वायरिंगचा नकाशा नाही. मला याची चीड आहे. जुन्या मॉडेलांची पूर्ण माहिती मराठीत, सवलतीत, आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गापर्यंत पोचवणं या कंपन्यांना अजिबात जड नाही. त्यांना ते करायचं नाही, एवढंच आहे.

सरकारी तपासणीही याच मापाची. पीयूसीला डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात. बीएस-४ ला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. चेक लाइट लागलाय का, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर इंजिनात परत फिरवणाऱ्या झडपेच्या, तोंडावर पत्री मारून आलेली गाडीही पास होते. पत्री मारली की अ‍ॅव्हरेज वाढतं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. वाढतो तो नायट्रोजन ऑक्साइड, आणि तो रहाटणी-सौदागरच्या सोसायट्यांतली पोरं श्वासात घेतात.

आणि मालकांनो, तुम्हीही ऐका. दीड हजाराचा सेन्सर विकत घ्यायला तुम्ही तयार असता, पण तासभर नीट तपासून ‘सेन्सर चांगला आहे’ असं सांगणाऱ्याला ५०० रुपये द्यायला तुमचा हात खिशात जात नाही. मग तो पार्टच विकणार. तपासणीचे पैसे वेगळे द्या, बिलावर कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून मागा, काढलेला पार्ट परत मागा.

सर्वांत वाईट गोष्ट अजून राहिली. अ‍ॅव्हरेज पडलं की या पट्ट्यात मालकाचा पहिला संशय इंजिनावर जातच नाही, तो ड्रायव्हरवर जातो. डिझेल काढून विकतो म्हणून लातूर, बीड, धाराशिवकडून आलेल्या माणसाचा पगार कापला जातो, आणि तो गप्प बसतो, कारण खोली भाड्याची आहे आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत घरी पैसे पाठवायचे आहेत. चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. पण आरोप करण्याआधी मोजा. पाचशेचं डिझेल टाकून अंदाज बांधू नका. एकाच पंपावर टाकी फुल्ल करा, झाकणाला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवा, किलोमीटर लिहा, पुन्हा फुल्ल करा. असं दोन-तीन टाक्या करा. कुलूप असतानाही अ‍ॅव्हरेज तेवढंच पडलं, तर ते डिझेल तुमच्या गाडीनं प्यायलंय. ड्रायव्हरचे कापलेले पैसे येत्या पगारात परत द्या, आणि कुणासमोर त्याला चोर म्हणाला असाल तर त्याच माणसांसमोर त्याची माफी मागा.