सुट्टी जुलैची, गाव बारा महिन्यांचं

मंडळी, संध्याकाळी एसी बंद करून खिडकी उघडता यायला लागली की आपल्या हवल्लीत दिवाळी आली असं समजायचं. भाजणीच्या वासाबरोबर आणखी एक विषय मग घराघरांत निघतो, तो म्हणजे पुढच्या वर्षीची तिकिटं. "आत्ता काढली तर स्वस्त पडतील," असं कुणीतरी म्हणतं आणि आपण फारसा विचार न करता जून-जुलैच्या तारखा टाकतो, कारण शाळेला सुट्टी तेव्हा असते. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. यंदा तुम्हाला एवढंच सुचवायचं आहे की तिकीट काढण्याआधी शाळेच्या कॅलेंडरशेजारी आपल्या गावचं ऋतुमान ठेवून बघा.

हे सुचलं ते मुलीच्या निबंधामुळे. विषय होता 'माझं गाव'. तिनं लिहिलं होतं की आमच्या गावी नेहमी चिखल असतो, वीज जाते आणि समुद्रात जायला बंदी असते. मला राग आला, पण खोडायला बसले तर एकही वाक्य खोटं नव्हतं. माझं माहेर मालवण. तेरा वर्षांच्या आयुष्यात तिनं मालवण पाहिलं ते फक्त जुलैत. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, त्यामुळे किल्ला तिनं धक्क्यावरून पाहिला. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, त्यामुळे मालवणला जाऊन आम्ही सुकी मासळी खाल्ली. हापूस आम्ही पोचण्याआधीच संपलेला. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळूहळू धावणारी. तिचं मालवण तेवढंच.

आता उलटी बाजू ऐका. दहा वर्षांपूर्वी आम्ही सासूबाईंना इथे आणलं ते जूनमध्ये, "आमच्या सुट्टीच्या आधी महिनाभर राहा, मग बरोबरच परत जाऊ" असं म्हणून. सोय आमची झाली. त्या माणदेशातल्या, उन्हाला घाबरणाऱ्या नव्हेत. पण इथला जून-जुलै म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. २१ जुलै २०१६ ला मित्रिबाला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. उन्हाळ्याचे तीन महिने दुपारी उघड्यावर काम करायला कायद्यानं मनाई असते, तिथे म्हाताऱ्या माणसाला फिरायला कुठे नेणार? महिनाभर त्या एसीखाली, पडदे ओढलेल्या खोलीत बसून होत्या. परत गेल्यावर शेजारणींना म्हणाल्या, "कुवेत म्हंजे एक खोली हाय बघा." सगळे हसले, मीही हसले. फेब्रुवारीत पुन्हा आणू असं ठरवलं होतं. ते राहून गेलं आणि त्याही गेल्या. त्यांचं कुवेत त्या एका खोलीएवढंच राहिलं, याची चुटपुट मला अजून आहे.

नातीला मालवण कळलं नाही आणि आजीला कुवेत कळलं नाही. दोघींच्या बाबतीत चूक जागेची नव्हती, महिन्याची होती.

इथे वाढलेल्या मुलांसाठी थोडं सोपं करून सांगते. कुवेत लहान आहे. हवल्लीत ऊन असलं तर जहरालाही ऊनच असतं. इथे वर्षभरात मिळून जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे कुवेतचा सात-आठ वर्षांचा पाऊस एका दिवसात. पण म्हणून 'जुलैत महाराष्ट्रात धो धो पाऊस असतो' हेही पूर्ण खरं नाही. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. पलीकडे पोचतो तो उरलासुरला पाऊस. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. तेव्हा 'इंडियाला कधी जायचं' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या भागात जायचं, हे आधी ठरवायला हवं.

जुलैशिवाय पर्याय नसेल तर जुलैतलाच महाराष्ट्र नीट निवडा. कोकणात चार दिवस जा, पण पाऊस पाहायलाच जा. समुद्र आणि किल्ला पाहायला जाऊ नका. हवल्लीच्या मुलाला अंगणात मनसोक्त भिजू देणं हीसुद्धा मोठी भेट आहे, पावसाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. घाटातला रात्रीचा प्रवास मात्र टाळा. उरलेले दिवस घाटाच्या पलीकडे घालवा. मराठवाड्यात तेव्हा ऊन उतरलेलं असतं. वेरूळ आणि अजिंठा पाहायला मे महिन्यापेक्षा जुलै-ऑगस्ट कितीतरी सुखाचा, डोंगर हिरवे असतात आणि धबधबे वाहत असतात. आषाढी बहुतेक वर्षी आपल्या सुट्टीतच येते, मुलांना वारीच्या वाटेवर एक दिवस चालवा. विदर्भातल्या मंडळींनी लक्षात ठेवावं, ताडोबाचा गाभ्याचा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. मुलांना वाघ दाखवायचं कबूल करून नेऊ नका. संत्र्यांनी लगडलेली बागही जुलैत दिसायची नाही, त्यासाठी हिवाळाच हवा.

आणि माझं खरं म्हणणं हे की दर तिसऱ्या वर्षी तरी जुलै सोडा, डिसेंबरात जा.

"डिसेंबरची सुट्टी दोन आठवड्यांचीसुद्धा नसते," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. तिकिटं तेव्हाही महाग असतात, दहावी-बारावीच्या वर्षी तर विचारच करता येत नाही. पण आपण जुलैत जे चाळीस-पन्नास दिवस जातो, त्यातले किती दिवस मुलं घरात मोबाइल घेऊन बसलेली असतात, ते प्रामाणिकपणे मोजा. इथल्या कायद्यानं वर्षाला ३० दिवसांची रजा मिळते, ती कंपनीच्या संमतीनं तोडून घेता येते. दोन वर्षं जुलै, एक वर्ष डिसेंबर, इतकं जमण्यासारखं आहे.

आम्ही गेल्या वर्षी अकरा दिवसांसाठी गेलो. चार दिवस मालवण. मुलगी होडीतून सिंधुदुर्गावर गेली, तटावरून फिरली, संध्याकाळी ताजा बांगडा खाल्ला. मग सासरी. माणात थंडी होती, ज्वारी हुरड्यात आली होती. सासऱ्यांनी रानात आगटी पेटवली, तळहातावर चोळून गरम हुरडा नातीच्या ओंजळीत टाकला. ते दरवर्षी फोनवर "हुरड्याला या" म्हणायचे आणि आम्ही दरवर्षी "जुलैत येतोय ना" म्हणायचो. रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेकडे बोट करून ते म्हणाले, "तो बघ अगस्ती. तो उगवला की पावसाचं गढूळ पाणी निवळायला लागतं." मुलगी बघत राहिली आणि म्हणाली, "हा तर सुहैल!" सुहैल दिसला की उन्हाळा उतरणीला लागतो, हे तिला अरबीच्या बाईंनी सांगितलं होतं. तारा एकच. एकीकडे तो पावसाळ्याचा निरोप सांगतो, दुसरीकडे उन्हाळ्याचा. आजोबा-नातीचं इतकं लांब बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. जुलैच्या ढगाळ आभाळात ते होणारच नव्हतं.

आई-वडिलांना इकडे आणायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ बघा. तेव्हा वाळवंटात तंबू लागलेले असतात, किनाऱ्यावर चालता येतं, २५-२६ फेब्रुवारीला राष्ट्रीय दिनाची रोषणाई असते. जानेवारीत फरशी बर्फासारखी गार पडते, तेव्हा स्वेटर आणि पायमोजे आणायला आठवणीनं सांगा. आपली सोय थोडी बाजूला ठेवावी लागेल, पण त्यांना कुवेत दिसेल.

तेव्हा मंडळी, फराळ झाला की तिकिटांच्या तारखा टाकण्याआधी गावी एक फोन करा. "आम्ही अमुक तारखेला येतोय" असं सांगू नका. "आम्ही कधी येऊ?" असं विचारा. माझे सासरे आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. यंदा विचारलं तर म्हणाले, "पाऊस बरा झालाय, ज्वारी चांगली येईल. पौषात या." तिकिटं काढली आहेत.