मुलींच्या पाळीचा प्रश्न आडोशाला, पण विचारलाच पाहिजे



उसात काणी दिसली की आमच्या शेतकी खात्याकडे त्याच दिवशी निरोप येतो. घरातल्या सोळा वर्षांच्या पोरीला तीन-तीन महिने पाळी येत नाही, तेव्हा मात्र "लग्न झालं की होईल बरं" म्हणून आपण गप्प बसतो. हे बरे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या दुखण्याला डॉक्टर पीसीओएस म्हणतात. अंडाशयातून वेळेवर बीज सुटत नाही, पुरुषी संप्रेरके वाढतात. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे हटत नाहीत; पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. मुंबईतील 15 ते 24 वयाच्या मुलींच्या पाहणीत (2014 साली प्रसिद्ध) एका निकषाने 22.5 टक्के, तर कडक निकषाने 10.7 टक्के मुलींत हे आढळले.

निकषागणिक आकडा असा बदलतो, म्हणून सरसकट सोनोग्राफीची शिबिरे आम्हांस मान्य नाहीत. कोवळ्या वयात निरोगी अंडाशयही तसेच दिसू शकते. 2023 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार या वयात निदान सोनोग्राफीवर करू नये. काळा चाबूक दिसला की काणी ठरली. इथे एका खुणेवर शिक्का मारता येत नाही.

चाळणी साधी आहे. पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाली तरी 35 दिवसांहून जास्त अंतर पडते, पहिल्या वर्षानंतर कधीही 90 दिवस उलटतात, किंवा 15 वर्षे पुरी होऊनही पाळी नाही, तर मुलीला दवाखान्यात न्यावे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत अनियमित पाळीचा प्रश्न आहेच. पण वर्गात सगळ्यांदेखत विचारला तर कोणती पोर खरे सांगेल? वणी तालुक्यातील शाळांत तो बाईमाणसाने, एकेकीला, आडोशाला विचारावा आणि उत्तर गावात फुटू नये. शाळा समितीवर असलेल्या सभासदांनी एवढी व्यवस्था करून घ्यावी.

सोयरीक मोडेल, ही भीती आम्ही जाणतो. पण पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. बहुतेकींना मूल होते, काहींना उपचार लागतात. आहार, व्यायाम आणि गरजेपुरते औषध यांनी दुखणे आटोक्यात राहते. कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब मांडतो. पोरीलाही तिच्या वहीत पाळीची तारीख मांडायला आईने आजच सांगावे.