सगळीच सांधेदुखी 'वात' नसते



धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब 1937 साली मुक्कामी होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी 31 जुलैला आपली माणसे तेथे जमतात. चढावर म्हाताऱ्या आया मध्येच टेकतात. "मना गुडघा दुखस, बाई!" म्हणतात. घरचे म्हणतात, वात आहे, वय झालं. पण हीच तक्रार पस्तिशीतल्या, कापूस वेचणाऱ्या बाईने केली तर? तिलाही आपण 'वात' म्हणून गप्प बसवतो. घात होतो तो येथेच.

सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. भोवतालचे अस्तर वंगण पुरवते. कूर्चा झिजली की होतो तो झिजेचा संधिवात. तो बहुधा पन्नाशीनंतर गुडघ्यात येतो. उकिडवे बसताना, जिना उतरताना कळ येते. सकाळी सांधा आखडतो, पण अर्ध्या तासात मोकळा होतो.

दुसरा सुजेचा, ज्याला आपण आमवात म्हणतो. यात रोगाशी लढणारी शरीराची शक्तीच चुकून सांध्याच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात. सकाळी तासाहून अधिक वेळ मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. थकवा येतो, कधी कणकण वाटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन-तीन पट अधिक होतो, तोही ऐन कामाच्या वयात. उपचार लांबले तर हाड कुरतडले जाते आणि बोटे कायमची वाकडी होतात. ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांचे मग काय?

हा आजार फार दुर्मिळ नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली डॉक्टरांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी शंभरात अठरा जणांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते. आमवात साधारण दोनशेत एकाला निघाला.

आमच्या परिचयाच्या जळगावकडील एका ताईंनी दोन वर्षे सुई टोचून घेतली, बिननावाच्या पुड्या खाल्ल्या. दुखणे लगेच थांबे, म्हणून विश्वास बसला. पुढे चेहरा सुजला, साखर वाढली आणि बोटेही वाकली. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असते. ते सूज दाबते, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेतले तर शरीर पोखरते. वेदनाशामक गोळ्याही रोज मनाने घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंड बिघडते.

मग करावे काय? बोटांची सूज सहा आठवडे टिकली तर थांबू नका. धुळे व जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे रक्त तपासून घ्या. मात्र 'आर. ए. फॅक्टर' नसला म्हणजे आजार नाही, असे समजू नका. मेथोट्रेक्सेट हे यावरचे मुख्य औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.

झिजेच्या गुडघ्याला मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, दहा अंक मोजा, खाली ठेवा. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो.

आणि हो, वांग्याचे भरीत सोडल्याने कोणताच संधिवात बरा होत नाही. भरीत खुशाल खा.

उद्या सकाळी घरातल्या बाईला एवढेच विचारा, "मूठ वळते का?" नाही म्हणाली, तर त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, पण तिला दवाखान्यात न्या. एका दिवसाची मजुरी पुन्हा मिळेल, वाकडी झालेली बोटे सरळ होणार नाहीत.

जयभीम!