पोस्टर पाच मिनिटांत, पण पुढं?

११ नोव्हेंबरच्या शिक्षण दिनासाठी नववीच्या पोरांनी मौलाना आझादांचं पोस्टर मोबाइलवर केलं. एक फुकटचं अ‍ॅप उघडलं, तयार नमुना निवडला, फोटो टाकला. मधली सुट्टी संपायच्या आत काम फत्ते. मी बी.एड. करत होतो तेव्हा शैक्षणिक साहित्य म्हणजे कार्डशीट, स्केचपेन आणि रात्रीचं जागरण. त्यामुळे आधी कौतुकच वाटलं.

मग पोस्टर वाचलं. मराठी ओळ ठीक होती. उर्दूची मात्र अक्षरं सुटी सुटी आणि तीही उलट्या क्रमानं. पोरं म्हणाली, ‘‘सर, राहू द्या, रोमनमध्ये लिहितो.’’

माझी हरकत इथंच आहे. नस्तालीक लिपी यंत्रात बसत नाही म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कित्येक वर्षं कातिबांच्या हातून लिहून घेतली जात. १९८१मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हजारो अक्षरजोडण्यांतून नूरी नस्तालीक आलं, तेव्हा कुठं संगणकावर नस्तालीक छापता येऊ लागलं. आज नोटो नस्तालीक हा फॉन्ट फुकट मिळतो. मराठीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता, बालू आहेत. जीबोर्डवर दोन्ही लिप्या आहेत, बोलून टाइप करायचीही सोय आहे. आता लिपी सोडायला सबब कुठली?

पण त्याहून मोठी चूक पोस्टरच्या मधोमध होती. आझादांच्या नावानं एक सुंदर वाक्य. मी विचारलं, ‘‘कुठल्या पुस्तकातलं?’’ सगळे गप्प. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं म्हणे. आम्ही ते काढलं आणि ठाऊक होतं तेवढं लिहिलं: जन्म १८८८, मक्का; १९१२मध्ये कलकत्त्यातून ‘अल-हिलाल’; स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. पोस्टर साधं झालं, पण खरं झालं.

आझादांनीही आपल्या काळातली नवी साधनं वापरली होती. शिळाछापाच्या जमान्यात ‘अल-हिलाल’ टाइपात आणि चित्रांसह निघायचं. पण आधी त्यांच्याकडे सांगायला काहीतरी होतं, साधन नंतर आलं. आपल्याकडे उलटं झालंय. व्हिडिओ कापायचं, गाणं चढवायचं, फोटो उजळायचं अ‍ॅप प्रत्येकाच्या खिशात आहे; काय सांगायचं, याचा विचार मात्र कुणी करत नाही.

कुणी म्हणेल, पोरांचा खेळ आहे, मास्तर एवढं कशाला मनावर घेता? जून २०२३मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून काय झालं ते आठवा. दगडफेक झाली, दुकानं फुटली. स्टेटस ठेवायला काही सेकंद लागतात. निस्तरायला आईबाप, मोहल्ला, सगळं गाव लागतं. आणि आपल्या पोरांना चुकीची किंमत अंमळ जास्तच मोजावी लागते, हे आपण घरात बोलतो, वर्गात बोलत नाही.

म्हणून माझं मत असं की, मोबाइल हिसकावून काही होणार नाही. निबंध शिकवतो तसं हेही शिकवावं. पोस्ट टाकण्याआधी तीन प्रश्न: लिपी शुद्ध आहे का? हे कुठून आलं? फोटोतल्या माणसाला विचारलं का?

त्या दिवशी उर्दू ओळ शेवटी एका मुलीनं बोरूनं कागदावर लिहिली, फोटो काढला आणि पोस्टरवर बसवली. साधन तिचंही मोबाइलच होतं. लिपी मात्र तिची स्वतःची होती.