घराची पुनर्रचना : आधीं कागदावर

खानदेशांतील धाब्याचीं घरें वाचकांच्या परिचयाचींच आहेत. नंदुरबारच्या जुन्या वस्तींत अशीं घरें अद्याप उभीं आहेत. सागाचे खांब, तुळया, त्यांवर किलचणांचा थर आणि सर्वांवर मातीचें जाड धाबें, मध्यें चौक. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर गेला तरी माजघर गार राहतें, तें या मातीमुळें. परंतु शहाणपणानें बांधलेलें घरहि कालांतरानें बदलावें लागतें; कारण त्यांतील माणसें वाढतात आणि वृद्ध होतात.

आमच्या घरीं असा प्रसंग आला, तेव्हां पहिल्या बैठकींत आम्ही तिघे भाऊच बोललों. दिवाणखाना मोठा करावा, त्यासाठीं माजघरांतील एक खांब काढावा, असें जवळजवळ ठरलें. तोंच वास्तुविशारदानें विचारलें, "स्वयंपाक कोण करतें? रात्रीं उठावें कोणाला लागतें?" आम्ही निरुत्तर झालों. धाकटी भावजय म्हणाली, "दादा, ओटा फार उंच आहे. वीस वर्षें माझा खांदा दुखतो." आणि आमच्या वृद्ध मातोश्री रात्रीं तीन पायऱ्या उतरून, चौक ओलांडून शौचकूपास जात, हें तर कोणाच्या ध्यानींच आलें नव्हतें.

या कामाचा क्रम गृहस्थानें समजून घ्यावा. प्रथम असलेल्या घराची मोजणी करून जसाच्या तसा नकाशा काढावा. मग घरांतील प्रत्येकाची, सुना व मुलें यांचीहि, गरज टिपून घ्यावी. त्यावरून दोनतीन कच्चे आराखडे करवून ते सर्वांसमोर ठेवावे. कोणती भिंत भार वाहते व कोणती केवळ आडोसा आहे, हें नुसत्या डोळ्यांनीं ठरवूं नये. खांब, तुळया व पाया स्थापत्य अभियंत्यानेंच तपासावा. नंतर अंदाजपत्रक, त्यांत शेंकडा १० तरी रक्कम अनपेक्षित खर्चास राखावी, कारण धाबें उघडल्यावर आंत वाळवी निघाली तर हिशेब बदलतो. मुंबईसारखीं कांहीं क्षेत्रें वगळतां राज्यांत २०२० सालापासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. तिला अनुसरून नगरपरिषदेची परवानगी घ्यावी. शेवटीं मापांसह पक्के नकाशे व लेखी करार झाल्यावरच गवंडी-सुतारांस बोलवावें. वास्तुविशारद निवडतांना १९७२ च्या कायद्यान्वयें त्याची नोंदणी झालेली आहे, एवढें पाहावें.

हा खटाटोप कित्येकांस निरर्थक वाटतो. परंतु कागदावरची भिंत खोडरबरानें हलते. विटांची भिंत हलवावयाची तर दोनदां मजुरी पडते, आणि घरांतील बोलणीं खावीं लागतात तीं वेगळींच.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येवर स्वतंत्र अध्याय आहे. दिशांचा विचार शास्त्रकारांनीं आपणांसाठीं करून ठेविला. परंतु आपल्या आईच्या वाटेंतील पायऱ्या आपणच मोजावयाच्या असतात.

आमचा खांब जागींच राहिला. दिवाणखाना होता तेवढाच आहे. ओटा भावजयीच्या कोपराखालीं ४ इंच आला. शौचकूप मातोश्रींच्या खोलीस लागून झाला. त्यांना तो दोनच पावसाळे लाभला. मोजपट्टी घेऊन आम्हीं चार वर्षें आधीं बसावयास हवें होतें.